शेवटी कोण खातं?

रविवारी सकाळी आमच्याकडे नाश्त्याला माणसं असतात. ही सवय लग्नाइतकीच जुनी. फौजेत ज्या अधिकाऱ्याचं लग्न झालंय त्याच्या घरी रविवारी युनिटमधली अविवाहित पोरं धडकणार, ही कुठेही न लिहिलेली स्टँडिंग ऑर्डर आहे. आठवडाभर मेसचं ऑम्लेट आणि टोस्ट खाऊन कंटाळलेली ही पोरं कुणाच्या तरी घरचं खायला आसुसलेली असतात. मी स्वतः लेफ्टनंट असताना अशी कितीतरी घरं पालथी घातली आहेत. तेव्हा आपली पाळी आल्यावर आपणही दार उघडं ठेवायचं, हे ठरलेलंच होतं.

दार मी उघडत होतो. राबत मात्र बायको होती. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

उधमपूरच्या पोस्टिंगमधली गोष्ट. एका रविवारी सहा जण आले. बायको आत गरम पराठे लाटत होती आणि मी बाहेर एकेक पराठा नेऊन वाढत होतो, म्हणजे आपणही कामाला हातभार लावतोय असं मला वाटत होतं. दोन तास गप्पा रंगल्या. पोरं निघाली. त्यातला एक, नुकताच अकादमीतून आलेला, गेटपाशी घुटमळला आणि म्हणाला, "सर, मॅम को तो हमने देखा ही नहीं. थँक यू किसको बोलें?"

त्याच्या मनात टोमणा नव्हता. पोरगं सरळ होतं. पण मी आत वळून पाहिलं तर बायको ओट्यापाशी उभी राहून उरलेला अर्धा पराठा थंड चहात बुडवून खात होती.

त्या दिवशी मी तिला म्हणालो, "पुढच्या वेळी तू पण बस ना आमच्यात." ती म्हणाली, "बसते की. मग पराठे कोण लाटणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फौजेत एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात भरवली जाते: अधिकारी शेवटी खातो. फील्डमध्ये असाल, तर आधी जवानांची ताटं भरली का हे पाहायचं आणि मग आपला मेसटिन पुढे करायचा. खडकवासल्याला अकादमीत होतो तेव्हा जवळजवळ दोन हजार कॅडेट एका छताखाली एकाच वेळी खायला बसायचे, तेव्हा हे तत्त्व कळायचं कारण नव्हतं. नाश्त्याचा वेळ मिनिटांत मोजायचा आणि समोर येईल ते पोटात ढकलून पळायचं, एवढंच कळत होतं. पुढे युनिटमध्ये, बर्फातल्या पोस्टवर, ते खरं कळलं. शेवटी खाण्यात अधिकाऱ्याचा मान आहे, कारण तो सर्वांत आधी खाऊ शकत असतानाही थांबतो.

घरातही कुणीतरी शेवटी खातं. ज्याच्या हातात सत्ता आहे तो मात्र नव्हे. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या घरी ती आई होती. उधमपूरला बायको होती. शेवटी खाणं हे अधिकारी निवडतो. घरातल्या बाईला ते कुणी निवडू देत नाही, ते तिच्या वाट्याला येतं आणि वर त्याला आपण 'तिला वाढण्यातच आनंद असतो' असं गोंडस नाव देतो. मी हे वाक्य बोललेलो आहे. आता बोलत नाही.

उपाय सापडला तो पुढच्या पोस्टिंगला, आसामात, तेजपूरला. बायको तिथे एका शाळेत शिकवायची. बोहाग बिहूच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, तिच्या एका सहकारी बाईंनी आम्हाला सकाळी 'जलपान'ला बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा सगळं मांडून तयार होतं. काशाच्या वाट्यांमध्ये चिरा, म्हणजे आपले पोहे. मुरी, म्हणजे चुरमुरे. आखोई, म्हणजे लाह्या. आणि कोमल चाऊल, जो न शिजवता नुसत्या पाण्यात भिजवला की खाण्याजोगा मऊ होतो. मध्ये घट्ट दह्याचं भांडं, शेजारी गूळ, तिळाचा पिठा, नारळाचे लाडू, केळी. प्रत्येकाने आपली वाटी घ्यायची आणि हवं ते, हवं तेवढं कालवून खायचं.

आणि यजमानीणबाई? त्या आमच्या शेजारी बसल्या होत्या. वाटीत दही-चिरा कालवत आमच्या मुलीशी तिच्या शाळेबद्दल बोलत होत्या. दीड तासात त्या एकदाच उठल्या, चहा आणायला. माझ्या बायकोने परत येताना गाडीत एवढंच म्हटलं, "बघितलंस?" बघितलं होतं.

त्याच सुमारास मुलीने मोबाइलवर 'ग्रेझिंग बोर्ड' नावाचा प्रकार दाखवला. एका मोठ्या लाकडी फळीवर चीज, फळं, ब्रेड, सुकामेवा, मध असं सगळं दाटीवाटीने मांडतात आणि पाहुणे भोवती बसून हवं ते उचलतात. ग्रेझिंग म्हणजे चरणं. फोटो सुंदर होते, पण त्यातलं निम्मं सामान आमच्या कॅन्टीनमध्येच काय, अख्ख्या तेजपूरमध्ये मिळालं नसतं. तरी मला पटलं की ही जलपानाचीच चुलत बहीण आहे. तेव्हापासून आमच्या घरी रविवारी फळी मांडली जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. घरी नाश्त्याला चारपेक्षा जास्त माणसं येणार असतील, तर गरम-गरम वाढण्याचा हट्ट सोडा आणि फळी मांडा. ती दिसायला छान असते म्हणून नाही. तिच्यामुळे घरातलं कुणीही शेवटी खात नाही, म्हणून.

आता ती मांडायची कशी, हे अनुभवातून सांगतो.

आमची फळी तेजपूरच्या सुताराकडून करून घेतलेली आहे. गमारीचं, म्हणजे आपल्याकडच्या शिवणीचं लाकूड. चार फूट लांब, दीड फूट रुंद, एक इंच जाड. वॉर्निश किंवा पॉलिश अजिबात मारू नका. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवतो, तेवढं पुरतं. काही उत्साही मंडळी जुन्या पेट्यांच्या किंवा पॅलेटच्या लाकडाची फळी करतात. फौजी वाचकांना वेगळं सांगतो: दारूगोळ्याच्या पेटीचं झाकण दिसायला कितीही रुबाबदार असलं तरी त्यावर खायचं ठेवू नका. एक तर ती सरकारी मालमत्ता, आणि दुसरं म्हणजे अशा लाकडाला कीड लागू नये म्हणून काय काय लावलेलं असतं ते पोटात जाणं बरं नाही. फळी नसेल तर डायनिंग टेबलावर केळीची पानं अंथरा. तेही उत्तम.

दहा माणसांसाठी आमचा हिशोब असा. पोहे, कोरडे मोजून, ६०० ग्रॅम. लहान इडल्या २५. उकडलेली अंडी १२. दही १ किलो. ठेपले किंवा दशम्या २०. एक मध्यम पपई, डझनभर केळी, पाच-सहा पेरू किंवा संत्री, मोसमात असेल ते. अक्रोड, बदाम, सुकी खुबानी मिळून पाव किलो. तीन चटण्या: एक ओली, एक कोरडी, एक गोड. काहीतरी गोड अर्धा किलो. प्रत्येक गोष्ट दहा जणांना पोटभर पुरेल असं मोजत बसलात तर दुप्पट उरतं. पहिल्या दोन रविवारी आमचं तेच झालं.

मांडताना आधी वाट्या ठेवायच्या. चटण्या, दही, मध, सगळं वाट्यांत आणि प्रत्येक वाटीला स्वतंत्र चमचा. वाट्या बसल्या की मोठ्या वस्तू, मग फळं, आणि राहिलेल्या फटींत सुकामेवा. अंडी वेगळ्या थाळीत आणि फळीपासून दूर, कारण आपल्याकडे पाहुण्यांत शाकाहारी कोण आहे ते नेहमीच आधी माहीत नसतं आणि शाकाहारी माणूस भिडेपोटी काहीच बोलत नाही, नुसता कमी खातो. शेंगदाणे किंवा सुकामेवा कुणाला चालत नाही का, हे फोनवरच विचारून घ्यायचं. कापलेली फळं अगदी शेवटी. केळी कापायचीच नाहीत.

आणि घड्याळ. दही, अंडी, शिजवलेले पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवायचे नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात एक तास. तेवढ्यात संपेल इतकंच बाहेर काढायचं, बाकी फ्रिजमध्ये. जाळीचं झाकण हवंच.

यात कष्ट नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ते आदल्या रात्री आणि सकाळी पाहुणे येण्यापूर्वी होतात आणि ते वाटून घेता येतात. चटण्या बायको करते. अंडी आणि फळं माझ्याकडे. मांडणी मुलीकडे, आणि तिच्या मांडणीत कुणी हात घातलेला तिला खपत नाही. दहा वाजता दाराची बेल वाजते तेव्हा स्वयंपाकघरात कुणीही नसतं. हीच आमची कसोटी.

यावर आक्षेप येतात. काही रास्त आहेत.

पहिला: गरम खाण्यात जी मजा आहे ती थंड फळीत कुठे? खरं आहे. तव्यावरून ताटात पडलेल्या पराठ्याची सर कशालाच नाही. पण ती मजा एका माणसाने उभं राहण्याच्या किमतीवर मिळते, हे लक्षात घेऊन मग ठरवा. शिवाय सगळंच थंड असायला हवं असं नाही. सध्या मी महूला आहे. इथून इंदूर जवळ, आणि सकाळी पोहे-जिलेबी न खाणारा माणूस या भागात सापडणं कठीण. इथले पोहेवाले पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवतात. पोहे वाफेवर तासभर गरम आणि मऊ राहतात. वर बडीशेपेचा वास, शेव, जिरावन मसाला. आम्ही हीच युक्ती उचलली. एक गरम पदार्थ वाफेवर, चहा थर्मासमध्ये. जिलेबी दुकानातून, आणि ती आणायला मी जातो.

दुसरा आक्षेप माझ्या एका वरिष्ठांनी घेतला: "हे म्हणजे बुफे झालं. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढायची रीत आहे." आग्रहाचं महत्त्व मला मान्य आहे. लाजाळू पाहुणा स्वतःहून हात पुढे करत नाही, आणि फौजेत तर सीनियरने सुरुवात केल्याशिवाय ज्युनियर चमचा उचलत नाही. पहिल्या रविवारी सहा लेफ्टनंट फळीकडे नुसते बघत बसले होते, जणू इन्स्पेक्शनसाठी मांडली आहे. म्हणून घरी मी माझा फौजी नियम उलटा करतो. पहिला घास मी घेतो, आणि मग हातानेच पेरूची फोड शेजारच्याच्या ताटलीत टाकतो. आग्रह बसूनही करता येतो. बुफे आणि फळी यांत एक मोठा फरक आहे: बुफेत माणसं ताट भरून पांगतात, फळीभोवती ती बसून राहतात.

तिसरा आक्षेप दिखाव्याचा. फोटो काढण्यासाठी मांडायचं, अर्धं टाकून द्यायचं. ही भीती खरी आहे आणि त्यावर उपाय एकच, परदेशी सामानाच्या मागे लागू नका. जिथे पोस्टिंग आहे तिथली सकाळ फळीवर ठेवा. काश्मिरात कांदूरकडून, म्हणजे तिथल्या भट्टीवाल्याकडून, सकाळी आणलेला गिर्दा आणि त्याबरोबर नून चहा. लडाखला खंबीर रोटी, लोणी आणि खुबानीचा जॅम. तेजपूरला चिरा-दही-गूळ. महूला पोहे-जिलेबी. आमची फळी चार फुटांचीच आहे, पण ती दर दोन-तीन वर्षांनी नवा जिल्हा पाहते. उरलेलं आम्ही डब्यात भरून पोरांबरोबर मेसमध्ये पाठवतो. डबे नेहमी रिकामे परत येतात, पण कधी कधी येतच नाहीत.

एका गोष्टीत मात्र मी अजून कमी पडतो, तेही लिहायला हवं. पाहुण्यांना घेऊन येणारा गाडीचा ड्रायव्हर. त्याला आत बोलावलं तर तो "नहीं साब, ठीक है" म्हणतो, आणि साहेबांच्या शेजारी सोफ्यावर बसून खाताना त्याला घास उतरत नाही हे मला दिसतं. म्हणून त्याची ताटली सर्वांत आधी भरली जाते, तेच सगळे पदार्थ घालून, आणि व्हरांड्यात टेबल मांडून दिली जाते. हा तोडगा आहे, उत्तर नाही. फौजेकडे याचं उत्तर खरं तर आहे. बडा खाना असतो तेव्हा अधिकारी, जेसीओ आणि जवान एकत्र बसून एकच जेवण जेवतात. आमच्या रसोईला लंगर म्हणतात, आणि गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात कोण कुठल्या दर्जाचा हे पंगतीत विचारत नाहीत. वर्षातून काही वेळा जे आम्हाला मैदानावर जमतं ते व्हरांड्याच्या उंबऱ्यावर का अडतं, याचा विचार मी करतो आहे.

कोण कुणाबरोबर खातं, हा या देशात कधीच नुसता खाण्याचा प्रश्न नव्हता. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली चेराईला वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एकत्र जेवायला बसवलं, तेव्हा त्यावरून वादळ उठलं होतं. मी ज्या महूत बसून हे लिहितोय तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. पंगतीतून माणसाला बाहेर ठेवणं म्हणजे काय, हे त्या घराइतकं कुणाला ठाऊक असणार? मोठ्या माणसांनी केवढ्या मोठ्या पंगती मोडल्या. आपल्याला निदान आपल्या घरातली, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधली, एक छोटी पंगत मोडता यावी.

शेवटी आईची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

गेल्या हिवाळ्यात आई महूला महिनाभर राहायला आली. पहिल्या रविवारी फळी मांडलेली पाहून तिने कपाळावर आठ्या घातल्या. "हे काय? चरायला सोडल्यासारखं सगळ्यांना!" मुलगी खो खो हसली, कारण ग्रेझिंगचा अर्थ आजीने न सांगता बरोबर ओळखला होता. पाहुणे आले. आई सवयीने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "तुम्ही घ्या, मी मागनं खाते."

मी म्हणालो, "आई, मागनं काही उरणार नाही. ही पोरं बघ." हे खरंच होतं. त्यातला एक पंजाबी लेफ्टनंट उठला, "आंटीजी, आप यहाँ" म्हणत त्याने स्वतःची खुर्ची तिला दिली आणि स्वतः मोढ्यावर बसला. नाइलाजाने ती बसली. बराच वेळ नुसती बघत होती. मग हळूच पेरूची एक फोड घेतली, मीठ-तिखट लावलं. मग दुसरी. मग तिसरी. थोड्या वेळाने दही आणि दशमी. मी पोह्यांची वाटी तिच्याकडे सरकवली, तर तिने हाताने मागे सारली.

"पोहे नकोत मला. पोहे मला कधीच आवडले नाहीत."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिने पोहे करून घातले होते. वडील एसटीत होते, वेळी-अवेळी माणसं यायची, आणि कढईत पोहे पडायचे. नंतर जे उरेल ते ती खायची, म्हणजे पोहेच. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या कंपनीतल्या कुठल्या जवानाला काय चालत नाही हे मला तोंडपाठ असायचं. आणि माझ्या आईला काय आवडतं हे मला माहीत नव्हतं, कारण तिला निवडताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

ती महिनाभर राहिली. चारही रविवारी पेरूची फोड आधी तिच्यापुढे गेली. परत निघताना म्हणाली, "ती फळी कुठे मिळते रे?" पुढच्या सुट्टीत कोरेगावला जाताना एक करून नेणार आहे. लहान, दोन फुटी. तिच्याकडे पाहुणे आता फारसे येत नाहीत. पण येतील तेव्हा तिला बसता यावं.